यंत्र विचारते, 'करू का?'

एकदा एका लहान शहरात पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे एक वृद्ध अभियंते होते. कोणत्या गल्लीला केव्हा पाणी सोडायचे, हे ठरवणारा संगणकाचा प्रोग्राम त्यांनीच तरुणपणी लिहिला होता. निवृत्त होण्यापूर्वी त्यांना तो एका शिष्याच्या हाती सोपवायचा होता.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसांना असते तेवढी घाईही त्याला होती. त्याने टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर कोड लिहिणारा एआय मदतनीस बसवला आणि सरळ मराठीत सांगितले, "हा जुना प्रोग्राम वाच आणि नीटनेटका कर." मदतनिसाने बघता बघता सगळे वाचून विचारले, "बाजाराच्या दिवशी बुरूड गल्लीला लवकर पाणी सोडण्याचा नियम बाकीच्यांशी जुळत नाही. काढून टाकू का?" खाली पर्याय होते: 'हो', 'नाही' आणि 'हो, यापुढे विचारू नकोस'. शिष्याचे बोट शेवटच्या पर्यायाकडे निघाले, तोच वृद्धांनी त्याचा हात धरला.

"उद्या बाजार आहे. पहाटे माझ्याबरोबर चल."

"काका, काम संगणकाचं आणि गल्लीत जाऊन काय करायचं?"

"चल तर खरा."

पहाटे दोघे गल्लीतल्या सार्वजनिक नळापाशी उभे राहिले. वृद्धांची कळी खुलली होती. "इथे द्वारकाबाईंचा हंडा सगळ्यांच्या पुढे असायचा. विणलेल्या टोपल्या, सुपं डोक्यावर घेऊन बुरुडांच्या बायका बाजाराला निघायच्या. त्या निघाल्यावर पाणी आलं की दिवसभर घरात थेंब नसायचा. एकदा बाईंनी मला भर रस्त्यात असं झापलं! त्याच दिवशी हा नियम लिहिला."

नळाला पाणी आले. हंडा घेऊन मात्र कोणीच आले नाही. गल्लीत आता गोदामे होती, त्यांची शटरे बंद होती. पाणी गटारात वाहत राहिले. अखेर वृद्धांनी स्वतःच नळ बंद केला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

कचेरीत परतल्यावर त्यांनी स्वतः 'हो' निवडले.

शिष्य चक्रावला. "काका, मीही 'हो'च म्हणत होतो की! मग हा हेलपाटा कशाला?"

वृद्ध म्हणाले, "अरे, मी काय लिहिलं ते याला वाचता येतं. का लिहिलं, ते याला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तर बिचारा विचारतो. काल तू उत्तर दिलं असतंस, तर गल्ली न त्याला ठाऊक, न तुला. आणि मी दिलं असतं, तर द्वारकाबाईंच्या आठवणीपायी पाणी गटारातच जात राहिलं असतं. याला काम सांगणं तू एका दिवसात शिकलास. आता उत्तर द्यायला शिक."

थोड्याच वेळात मदतनिसाने पुढचा प्रश्न विचारला. टेकडीवरच्या आळीचे पाणी जरा उशिरा बंद होते, तो नियमही काढू का? शिष्याने वृद्धांकडे पाहिले. ते चहा पीत होते. शिष्याने प्रश्न तसाच ठेवला आणि पाणी सुटायच्या वेळी टेकडी चढला.

सर्वांत वरच्या घरापुढे एक आजी रिकामी कळशी घेऊन बसली होती. खालच्या घरांचे भरून झाल्यावर तिच्या नळाला बारीक धार लागली.

"शेवटी एवढं येतं, त्यावरच भागतं रे बाबा," ती म्हणाली.

शिष्याने परत येऊन 'नाही' निवडले, आणि मग बराच वेळ तो मदतनिसाला त्या आजीविषयी सांगत बसला.