ओताऱ्याची मुकी घंटा

‘ओतू का, दादा?’

एका राज्यात हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर त्या दिवशी ऐकूच आलं नाही. विचारणारा होता भिवा, धाकटा ओतारी. ओताऱ्यांची रीत अशी, की थोरल्याने साच्याला कान लावायचा, आत ओल चुरचुरत नाही ना ते ऐकायचं आणि मगच ‘ओत’ म्हणायचं. त्या दिवशी राजा स्वतः घंटा बघायला आला होता. तांबं मांत्रिकाच्या शापित खजिन्यातलं होतं. भिवाने विचारलं आणि उत्तर येण्याआधीच वितळल्या तांब्याची मूस साच्यात कलती केली.

ओला साचा फुटला. साच्याला कान लावून बसलेला थोरला कान्हू जागीच गेला. घंटा मात्र अखंड निघाली, पण मुकी. तिने राज्यातले सारे नाद गिळले. देवळं मुकी झाली, बैलांचे घुंगूर मुके झाले.

“माझ्या दादाला कोणी नेलं?” भिवा दारोदार विचारी. लोक माना खाली घालत. शेवटी भट्टीच्या वळचणीतली साळुंकी बोलली.

“भिवबा, सगळ्यांना विचारून झालं. एकजण राहिलाच.”

“कोण?”

“चल, भेटेल. वाटेत विस्तवही घेऊ. ती घंटा मांत्रिकाच्या विस्तवावरच वितळेल, ती पुन्हा नीट ओतलीस की शाप सुटेल.”

मांत्रिकाच्या डोंगराला दगडी दार होतं. “कोण अडवतंय मला?” म्हणत भिवाने लाथ मारली. दार आणखी जाड झालं.

“पाय दुखला का?” साळुंकी म्हणाली. “आता स्वतःला विचार.”

भिवा खाली बसला. मी काय बघितलं नाही? मग त्याला दिसलं, दार बाहेर उघडणारं होतं. तो ते आत ढकलू बघत होता. त्याने ते ओढलं.

आत विस्तव होता. “माझ्याच वाट्याला हे का?” भिवा रडला. त्याच्या प्रत्येक हुंदक्यासरशी निखारे मागे सरकत. त्याने डोळे पुसले. माझ्या हाती काय उरलंय? कमरेला दादाची सांडशी होती. तिने धरताच निखारा मुकाट उचलला गेला.

घरी परतून त्याने त्या निखाऱ्यावर भट्टी पेटवली, तरी घंटा वितळेना. तिसरा प्रश्न भिवाला ठाऊक होता. तो विचारायला त्याने फार वेळ लावला. त्या दिवशी मी थांबलो का नाही?

“राजाने आधी माझ्याकडे बघावं म्हणून,” तो हळूच म्हणाला.

घंटा वितळली. तिच्यात अडकलेला एक शब्द बाहेर आला, कान्हूच्या आवाजात.

“थांब.”

“दादा, परत ये.”

“तेवढाच उरला होता रे,” साळुंकी म्हणाली.

राजा धावत आला. “ओत आता. राज्य खोळंबलंय.”

“थांबा, महाराज.”

भिवाने नव्या साच्याला कान लावला. ओल चुरचुरत होती. निखारे पसरून त्याने साचा शेकला, पुन्हा कान लावला, पुन्हा शेकला. आतून काहीच ऐकू येईना, तेव्हा त्याने स्वतःला विचारलं, ‘ओतू का?’ मग मूस उचलली.

राज्यातल्या सगळ्या घंटा वाजू लागल्या. बैल माना हलवत घरी परतले. राजा, प्रजा, सारे देवळाकडे धावले.

“साचा कधी फोडणार?” साळुंकीने विचारलं.

“निवल्यावर.”

आजवर तो गरम साच्यालाच हात घाली आणि कान्हू त्याचं मनगट धरी. आता धरायला कोणी नव्हतं. सांडशी मांडीवर घेऊन भिवा साच्याशेजारी बसून राहिला, साचा पार निवेपर्यंत.