शेंड्याशी काही नाही

"नाही, की दिसली नाही?" टिळेकर मॅडमनी विचारलं.

हृदयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. तांबटकाका डाव्या कुशीवर निजले होते. मॅडमच्या हाताखाली शिकणाऱ्या शार्दूलने त्यांच्या छातीवर प्रोब टेकवला होता.

"एकच ना, मॅडम. शेंड्याशी काही दिसत नाही. म्हणजे गुठळी नाही."

शार्दूल हुशार होता. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

काका नुकतेच हार्टअटॅकमधून उठले होते. हृदयाचा शेंडा, म्हणजे खालचं टोक, हलत नव्हता. तिथे रक्ताची गुठळी धरली असेल, तर ती सुटून कधी मेंदूत जाईल याचा नेम नव्हता. काकांना घरी सोडायचं की नाही, ते शार्दूलच्या एका शब्दावर होतं.

"सोडताय ना मला? भाचीचा साखरपुडा आहे," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

मॅडमनी सिरिंज उचलली. त्यांनी काकांच्या शिरेत औषध सोडलं. रक्तपेशीहूनही बारीक बुडबुडे, आत नुसता वायू; ते जिथे जातील तिथलं रक्त स्क्रीनवर पांढरं दिसतं.

काळ्या स्क्रीनवर पांढरं काहीतरी उमटू लागलं. अजून स्पष्ट दिसावं म्हणून शार्दूलने मशीनचा जोर वाढवला.

...सगळं विरलं.

"औषध खराब निघालं, मॅडम."

"औषध बरं आहे. जोर लावून तू फोडलेस बुडबुडे."

मॅडमनी बटण उलटं फिरवलं, पार खाली आणलं. आता काय डोंबल दिसणार, असं शार्दूलला वाटलं.

"जरा हळू बघ," त्या म्हणाल्या.

आणि काकांचं हृदय भरून आलं. अक्षरशः. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दुधासारखं पांढरं, ठोक्याठोक्याला हेलकावणारं...

शार्दूलच्या अंगावर काटा आला. रोज हृदयं बघत होतो, पण आज पहिलंच पाहतोय, असं त्याला वाटलं.

शेंड्याशी मात्र एक काळा गोल कोरा राहिला होता. पांढरं रक्त त्याला वळसा घालून जात होतं, आत शिरत नव्हतं.

शार्दूलने स्क्रीनवरचं चित्र थांबवलं.

मग शार्दूलने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आज नाही सोडत. रक्त पातळ करायचं औषध सुरू करायला हवं."

तो मॅडमकडे वळला. "दिसली मॅडम. गुठळी दिसली."

मॅडमनी हसून त्या काळ्या गोलावर बोट ठेवलं.

"इथे काय दिसतंय तुला?"

"...काहीच नाही."

"मग लिही ना, मघासारखं. गुठळी नाही."