ब्यूटीफुलचा विरुद्धार्थी

“आणि एंडलेस म्हणजे?” कोळेकर सरांनी विचारलं.

“ज्याला शेवट नाही ते. अंतहीन.”

“वाक्यात उपयोग कर.”

श्रीपाल चौगुले जरा थांबला. बत्तीस वर्षांचा बाप्या, इचलकरंजीत त्याचे इंग्रजीचे दोन क्लास जोरात चालतात, आणि इथे सरांच्या ओट्यावर तो मांडी घालून वाक्य शोधत बसला होता.

“सरांचे प्रश्न एंडलेस आहेत.”

सर खूश झाले. त्यांनी ओल्या शेंगांची पाटी त्याच्यापुढे सरकवली. “सोल,” म्हणाले.

निवृत्त झाले की मास्तर लोक एकतर राजकारणात पडतात, नाहीतर आजारी पडतात. सरांनी दोन्ही टाळलं. गावाबाहेर मारुतीच्या देवळामागे दोन खोल्या, पुढे भुईमुगाचा एवढासा तुकडा, आणि येईल त्याच्याशी गप्पा. गाव त्यांना आता बुवा म्हणायला लागलं होतं. म्हणा बापडे, असं सर म्हणत.

श्रीपाल आला होता तो आपलं पुस्तक घेऊन. एकाच शेपटीच्या इंग्रजी शब्दांचं पुस्तक. ‘लोजी’वाले, ‘फोबिया’वाले, ‘शिप’वाले, ‘फुल’ आणि ‘लेस’वाले. चौदाशे शब्द, अर्थासह, वाक्यांसह. मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेला खुद्द श्रीपाल. रविवारी प्रकाशन होतं. पहिली प्रत त्याने सरांसाठी आणली होती आणि तिचं पहिलं पान कोरं होतं. त्यावर सरांनी दोन ओळी आशीर्वाद लिहावा, असं तो आल्या आल्या म्हणाला होता.

पेन त्याने उघडूनच ठेवलं होतं. सरांनी मात्र पुस्तक मागून उघडलं होतं, थेट ‘लेस’च्या पानांवर.

“प्राइसलेस. म्हणजे फुकट, होय ना?”

“तिथंच सगळे चुकतात, सर.” श्रीपालला स्फुरण चढलं. वर्थलेस म्हणजे ज्याला किंमत नाही ते, आणि प्राइसलेस म्हणजे ज्याची किंमतच करता येत नाही ते, हे त्याने बोटं नाचवत समजावून सांगितलं. शेपूट तेच, पण एक शब्द उकिरड्यावर जातो आणि एक देव्हाऱ्यात. “आपल्या अमोल नावासारखं, सर.”

“आमच्या शेजारचा अमोल वर्थलेस आहे,” सर म्हणाले, आणि पान उलटलं.

एक पान, दोन पानं… बोट ओळींवरून खाली जात होतं. मग परत वर आलं.

“एक शब्द दिसत नाही.”

“कुठला?”

“तुझा.”

श्रीपालचा हात शेंगेवरच थांबला.

वीस वर्षांपूर्वी, सातवी ब. सरांनी फळ्यावर जोड्या लिहिल्या होत्या. केअरफुल, केअरलेस. यूजफुल, यूजलेस. होपफुल, होपलेस. मग वर्गाकडे वळून विचारलं, ब्यूटीफुलचा विरुद्धार्थी कोण सांगेल? पहिला हात श्रीपालचा. उभा राहून, छाती काढून त्याने सांगितलं, ब्यूटीलेस. वर्ग खो खो हसला. सरही हसले. आणि हसता हसता, फळ्यावरच्या शेवटच्या शब्दावर खडू टेकवून म्हणाले, “यू आर होपलेस.”

झालं. दहावीपर्यंत पोरं त्याला होपलेस म्हणूनच हाक मारत. शाळा सुटली, नाव सुटलं नाही. आजही बाजारात एखादा जुना दोस्त लांबून तीच हाळी देतो. श्रीपाल इंग्रजी शिकला तो त्या एका शब्दाच्या रागाने. शिकता शिकता त्याला त्या भाषेचं वेडच लागलं, हे वेगळं.

“तो शब्द नाही धरत कुणी, सर,” तो म्हणाला. “विरुद्धार्थी अग्ली. परीक्षेत तेच चालतं.”

“हां…”

श्रीपालने शेंग खाली ठेवली. दोन ओळी पाठ करून आला होता तो, इकडची तिकडची प्रस्तावना करून शेवटी हळूच म्हणायच्या. आता प्रस्तावना विसरला.

“सर, आशीर्वाद राहू दे. त्या पानावर एवढंच लिहा, की श्रीपाल चौगुले होपलेस नाही. खाली तुमची सही.”

त्याने उघडं पेन सरांपुढे सरकवलं.

 सर गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले. आत पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज झाला. बराच वेळ गेला… श्रीपालला वाटलं, म्हातारा दुखावला. यायलाच नको होतं आपण.

सर आले ते एक जुनी डिक्शनरी घेऊन. पुठ्ठा गेलेला, पाठीला धोतराच्या फडक्याची पट्टी चिकटवलेली. त्यांनी पान काढून त्याच्यापुढे धरलं. ब्यूटीफुल शब्दाच्या बाजूला, समासात, लाल शाईने लिहिलं होतं :

ब्यूटीलेस. श्रीपाल चौगुले, सातवी ब. वाक्यात उपयोग :

त्यापुढे जागा कोरी.

“त्याच दिवशी लिहिलं, घरी येऊन,” सर म्हणाले. “नियम मी शिकवला, तू पाळलास. शब्द बरोबर बनलाय रे. पण वाक्य काही जमेना.”

“वीस वर्षं?”

“म्हशीवर करून पाहिलं. चिखलात लोळून आलेली, अंगावर गोचीड. लिहायला बसलो, तर तिनं मान वर करून बघितलं.” सरांनी स्वतःचे डोळे मोठे करून दाखवले.

श्रीपाल शिक्षक होता. वाक्य अडलं की त्याच्याच्याने गप्प बसवत नाही. “एसटी स्टँडची मुतारी घ्या, सर.”

“गेलो की. वही घेऊन गेलो होतो, लोक बघत होते. भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवलेला. कोवळी तांबूस पानं.”

“निवडणुकीचे फ्लेक्स?”

सरांनी डोळे मिटून आठवलं. “तिथं जमत आलं होतं… पण उमेदवाराच्या कानामागं चिमणीनं घरटं केलेलं.”

श्रीपालला हसू फुटलं. तरी तो हटला नाही. बेडूक काढला, गटार काढलं, आपल्या चुलत्याचं घोरणं काढलं. प्रत्येकाला सरांकडे उत्तर तयार होतं. घोरण्याचं तर चुलती माहेरी गेली की तिला त्यावाचून झोप लागत नाही, हेही सरांना ठाऊक होतं. शेवटी त्याने स्वतःचं चेहराभर पसरलेलं नाक पुढे केलं.

“तुझ्या आईला विचार,” सर म्हणाले.

दोघं इतके हसले की देवळात घंटा वाजवायला आलेली बाई वाकून बघून गेली. श्रीपालच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही. वीस वर्षं जे गाठोडं तो पाठीवर घेऊन फिरला, त्याची गाठ सैल झाली होती आणि त्याला फार बरं वाटत होतं.

सरांनी नव्या पुस्तकाचं कोरं पान उघडलं. पेन घेतलं. जपून, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं : चौदाशे एक. ब्यूटीलेस. वाक्यात उपयोग… आणि पुढची जागा सोडून खाली सही केली.

श्रीपालने पान वाचलं. परत वाचलं. शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरून बसला.

मग न राहवून त्याने विचारलंच.

“आणि होपलेस, सर? ते वाक्य बरोबर होतं तुमचं?”

सरांनी पाटीतली एक भरलेली शेंग निवडली. फोडली. तीनही दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

“शब्द बरोबर होता, बाळ,” ते म्हणाले. “कर्ता तेवढा चुकला.”