झोळीबाबांचं नाव कुणाचं?

झोळीबाबा गेले आणि एका मठाचे दोन झाले. थोरल्या मठाच्या महंत प्रेमगिरींनी धाकट्या मठाच्या गोदूआक्कांवर दावा ठोकला, "बाबांचं नाव फक्त आमचं!"

आक्का चूल तशीच टाकून कोर्टात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जजसाहेब, देऊन टाका यांना नाव. पण बाबांची रीतही द्या. दारात येऊन जो त्यांचं नाव पुकारेल, त्याला पोटभर जेवण! उद्यापासून माझ्या दारची सगळी गर्दी यांच्याकडे धाडते."

महंतांना घाम फुटला. "साहेब, बाबा तर सगळ्यांचेच!" म्हणत त्यांनी दावा मागे घेतला.

बाहेर त्यांचे उपाशी चेलेच आक्कांना पाहून ओरडले, "जय झोळीबाबा!"

"चला, पानं मांडते," आक्का हसल्या. "महंतांनाही आणा. फक्त माझ्या दारात हाक त्यांनी स्वतः मारायची."