तळाच्या पाण्याचं सुतक

एका वृद्ध समुद्रशास्त्रज्ञाची ती अखेरची सफर होती. सोबत त्यांची शिष्या होती, परदेशी शिकून नुकतीच परतलेली. हयातभर ते समुद्राच्या तळाचं पाणी तपासत आले होते. माणसाने कारखान्यांत बनवलेला, निसर्गात कधीच नसलेला एक वायू हवेत पसरला आहे. तो त्या पाण्यापर्यंत पोचला आहे का, हे ते पाहत. दरवेळी उत्तर येई, नाही. "वर आपण काहीही केलं तरी तळ अजून निष्कलंक आहे," असं ते सभांमधून सांगत. त्या वाक्याने लोकांना फार धीर येई. परतताच त्यांचा सत्कार व्हायचा होता.

तळाचं पाणी वर आलं. शिष्येने ते यंत्राला लावलं. त्या वायूची खूण उमटली होती. बारीकशी, पण स्पष्ट.

"सर, हा नमुना टाकून देते. भरताना बाटलीत हवेचा बुडबुडा शिरला असणार."

"दुसरी लाव."

दुसरीत तेच. तिसरीतही तेच.

"तिन्ही बाटल्यांत अगदी एकसारखा बुडबुडा शिरला का गं?"

ती रडवेली झाली. "सत्कार तरी होऊ द्या, सर. हे पुढच्या वर्षी सापडेल की कुणालातरी."

वृद्ध उठले. डेकवर गेले, दोर बांधलेली बादली समुद्रात सोडली आणि भरून ओढलेलं पाणी कपड्यांसकट, चष्म्यासकट डोक्यावर ओतून घेतलं. जन्मात कधी संध्या न केलेला माणूस! एक खलाशी धावत आला.

"अहो सर, खाली मोरी आहे ना! ह्या वयात हे काय भलतंच?" मग त्याला त्यांचा चेहरा दिसला. तो हळूच म्हणाला, "घरचं कोण गेलं?"

"तळ गेला," ते म्हणाले, आणि शिष्येकडे वळले. "हे पाणी दूर बर्फाच्या प्रदेशात गारठून, जड होऊन तळाशी बुडालं, तेव्हा मी तरुण होतो. बुडतानाच त्याने तो वायू सोबत नेला. मी सभांमधून ग्वाही देत होतो, तेव्हा ते तळातून इकडे यायला निघालेलं होतं. लांबच्या नातलगाची बातमी कितीही उशिरा आली तरी ऐकल्या क्षणी आपण आंघोळ करतो. तू तर बातमी आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवत होतीस. ज्याचं सुतक घरात कुणी धरत नाही, तो आपला नव्हताच, असा त्याचा अर्थ होतो."

"पण आता उपयोग काय, सर? सगळं होऊन गेलंय."

"ह्या पाण्याचं झालं. पण तिकडे आजही पाणी बुडतंय, आणि आज आपण हवेत सोडू ते घेऊन बुडतंय. त्याची बातमी ज्यांच्या दाराशी पोचेल, ती माणसं अजून जन्मायची आहेत."

शिष्या आत गेली. तिने आकडा नोंदवला आणि त्यापुढे 'शंकास्पद' असं लिहिलं नाही. मग ती बाहेर आली. खलाशाने न विचारता बादली पुन्हा भरून ओढली आणि तिच्यापुढे धरली.