नाबर सरांचे कान

“आता सांगा सर, कसा येतोय आवाज?”

विश्वजितनं विचारलं.

नाबर सर पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. समोर विश्वजितनं घरी बनवलेले दोन स्पीकर. त्यांतून एक बाई भीमपलास गात होत्या. कुणाच्या तरी घरच्या बैठकीची जुनी टेप होती ती. तपासायला आलेल्या प्रत्येक स्पीकरवर सर तीच लावत.

ऐकताना लोक डोळे मिटतात. सर मिटत नसत. ते समोर बसलेल्या माणसाकडे बघत राहत.

“छान येतोय,” सर म्हणाले. “पण तुला बरं नाहीये का आज?”



आवाज मुळीच छान येत नव्हता. सर चहा करायला आत गेले होते, तेवढ्यात त्यानं दोन्ही डब्यांमागची एकेक वायर काढून ठेवली होती. वरचे, बारीक सूर काढणारे छोटे ट्वीटर मुके झाले होते. बाई घोंगडीआडून गाताहेत असं वाटत होतं. रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळलं असतं.

सरांना कळलं नव्हतं.

नाबर सर सावंतवाडीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर हौसेनं स्पीकर बनवायला लागले आणि हळूहळू त्यांचं नाव झालं. पणजी, बेळगाव, कोल्हापूरची हौशी मंडळी आपापले डबे गाडीत घालून त्यांच्या पडवीत येत. सर ‘झाला’ म्हणाले, की तो स्पीकर झाला.

विश्वजितला मात्र ते तसं कधी म्हणाले नव्हते. पुण्यात चांगली नोकरी, महागडा माईक, कॉम्प्युटरवर वरच्या-खालच्या सुरांची मापं घेऊन आखलेला आलेख... पट्टीनं ओढावी तशी सरळ रेघ! स्पीकरची ती जोडी घेऊन तो पुन्हा पुन्हा घाट उतरून यायचा आणि सर दर वेळी तेच म्हणायचे.

“अजून नाही.”

काय नाही, ते सांगायचे नाहीत.

मग गेल्या खेपेला सरांच्या मनगटावरचं घड्याळ बारीक आवाजात वाजत राहिलं आणि सरांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विश्वजितच्या मनात शंकेनं घर केलं, ते तिथून.

“सर, ट्वीटर बंद आहेत.”

“हो?”

“दोन्ही. मीच वायरी काढल्यात.”

सरांनी स्पीकरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मला नाही कळलं,” ते म्हणाले.

ते सारवासारव करतील, रागावतील, टेपला दोष देतील, अशी त्याची अटकळ होती. त्यासाठी तो वाटेत चार वाक्यं जुळवून आला होता. आता त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

“कधीपासून... ऐकू येत नाही?”

“वरचं? कॉलेजात शिकवत होतो तेव्हापासूनच. आधी रातकिडे गेले. मग एकेक करत बाकीचं.”

“आणि माझ्या स्पीकरला ‘अजून नाही’ म्हणत होता, ते कशावरून?”

“तुझ्यावरून.”

“म्हणजे?”

“गाणं लागलं की तू स्पीकरकडे बघायचास. मग माझ्याकडे. मग परत स्पीकरकडे. ज्यानं बनवला त्यालाच तो गाणं ऐकू देत नाही. मग झाला कसा म्हणू?”

विश्वजितचा पारा चढला.

“म्हणजे स्पीकरमध्ये खोट नव्हतीच!”

“ते मला कसं कळणार, अरे? मला ऐकू येत नाही.”

विश्वजित उठून पडवीच्या कडेला गेला. परत आला.

“लोक एवढ्या लांबून येतात सर. त्यांना सांगायला नको?”

“विचारलं तर सांगेन की. कुणी विचारत नाही.” सर म्हणाले. “तूही विचारलं नाहीस. वायर काढलीस.”

ते रागानं बोलले नव्हते. म्हणूनच ते त्याला फार लागलं. तो खाली बसला, डबे फिरवले आणि वायरी जोडायला लागला.

सर खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात टेकत त्याच्याशेजारी सतरंजीवर येऊन बसले.

“टेप पहिल्यापासून लाव,” ते म्हणाले. “आणि मला सांग, वर काय काय आहे.”

“कुठे वर?”

“मला जिथलं ऐकू येत नाही, तिथे.”

बाई पुन्हा गायला लागल्या. विश्वजित सांगायला लागला... आधी अडखळत. तंबोऱ्याच्या तारांवर एक झिणझिण आहे. ओळ उचलण्याआधी बाई श्वास घेतात, तो येतोय. कुणीतरी पेला खाली ठेवला. मागे एक चिमणी आहे.

सर मान हलवत होते. मग हळूच म्हणाले, “बांगड्या आहेत का?”

“बांगड्या?”

“तबल्याच्या मागे. डावीकडे.”

त्यानं कान दिला. टेप मागे नेली, परत ऐकली. बांगड्या नव्हत्या. किंवा असतील... टेपची खरखर कमी व्हावी म्हणून त्यानंच तर ट्वीटरच्या वाटेत एक रेझिस्टर घालून तो आवाज दाबला होता. त्यामुळेच आलेख सरळ आला होता.

त्यानं पेचकस घेतला, मागची पाटी काढली, दोन्ही रेझिस्टर तोडून बाजूला टाकले आणि तारा थेट जोडल्या. रेघ आता वाकडी होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

टेप लावली. खरखर वाढली. आणि त्या खरखरीच्या आत, तबल्याच्या मागे, डावीकडे...

“आहेत,” तो म्हणाला. “काचेच्या असाव्यात. कुणीतरी हातावर ताल धरलाय... पण समेच्या जरा आधीच टाळी पडते.”

सर हसले.

“घाई,” ते म्हणाले. “जन्मभर तशीच होती.”

विश्वजितनं त्यांच्याकडे पाहिलं. आतल्या भिंतीवर काकूंचा, सरांच्या बायकोचा फोटो होता. त्या गेल्याचं त्याला ठाऊक होतं, त्याहून जास्त त्यानं कधी विचारलं नव्हतं. म्हणजे ती बैठक याच पडवीत झाली होती तर.

“आता?” सरांनी विचारलं.

“आता वाजल्या.”

“आता?”

“आता नाही... थांबा... हां, आता.”

असं बराच वेळ चाललं. बाई द्रुत गायला लागल्या, तबला उसळला, बांगड्यांची धांदल उडाली, आणि विश्वजित सरांच्या गुडघ्यावर बोटानं एकेक टाळी देत गेला. चहावर साय धरली होती. स्पीकरकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

टेप संपली. ऊन अंगणातून कुंपणाकडे सरकलं होतं.

स्पीकर झाला का, हे विचारायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. त्यानं पाटी बसवली, पेचकस पिशवीत टाकला आणि मान खाली घालूनच म्हणाला,

“सर, ही जोडी इथेच राहू द्या. तुमच्यासाठी.”

सरांनी थंडगार चहाचा कप उचलला.

“जोडी घेऊन जा,” ते म्हणाले. “तू येत जा.”