बाजूला ठेवलेल्या बाटल्या

फार पूर्वी, घाटरस्ते खेचरांच्या पायांनीच रुळायचे तेव्हा, एका घाटाच्या माथ्यावर द्राक्षवाल्यांचं एक गाव होतं. गाव एवढंसं, पण थंडी मात्र मोठ्या गावाला पुरून उरेल इतकी. प्रत्येक घरामागे द्राक्षांचा मांडव, प्रत्येक घरात वाइनचं पिंप, आणि सगळ्या गावात मिळून वाइनचं एकच दुकान.

ते दुकान कुणा एकाचं नव्हतं. वाइन मुरली की घरोघरची पिंपं रिकामी व्हायची आणि सगळ्या बाटल्या दुकानाच्या फळ्यांवर लागायच्या. नाताळच्या सुट्टीत गावकरी, घाट चढून आलेले पाहुणे, वाटेने जाणारे वाटसरू, सगळे तिथूनच बाटली न्यायचे. जे मिळेल त्यातून कधी चर्चचं छप्पर शाकारलं जायचं, कधी विहिरीचा रहाट दुरुस्त व्हायचा.

दुकान एक आजोबा चालवायचे. बोलायला तुसडे, पण मापाला चोख. त्या वर्षी मात्र थंडीपुढे त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. सुट्टीचे दिवस खालच्या उबदार गावात लेकीकडे काढायचे असं त्यांनी ठरवलं आणि दुकानाची किल्ली इनासच्या हातात ठेवली.

इनास गावातलाच एक तरुण. शाळा त्याने लवकर सोडली होती, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. पण बाटली उजेडात धरून गाळ बसला की नाही हे तो बरोबर सांगायचा. जुनाट बूचही त्याच्या हातून न तुटता निघायचं. दुकानात उभं राहिलं की त्याला वाटायचं, आपल्यालाही एक जागा आहे.

"सुट्टीभर सांभाळ," आजोबा म्हणाले. "नीट चाललं तर पुढेही तूच सांभाळ. नाही चाललं तर पंच दुसरा माणूस बघतील."

इनासने मान डोलावली. एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात मनापासून हवी होती.

पहिल्याच सकाळी पाववाली काकी आली. "इनासा, दोन बाटल्या बाजूला ठेव हो. जावई यायचाय."

"कधी येणार?"

"येईल की. जावई काय सांगून येतो?"

आजोबांना असं सांगायची कुणाची छाती नव्हती. ते म्हणायचे, "आज हवी तर आज ने. उद्याची उद्या बघू." पण इनासने काकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर तो चेहरा पडला असता, आणि पडलेला चेहरा इनासला बघवत नसे. तो म्हणाला, "ठेवतो." मग त्याने दोन बाटल्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधला आणि त्या मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

दोरा बांधताना शिंपीमामाने पाहिलं. "तिला दोन? मग मला तीन ठेव."

"मामा, तुमच्या घरी तुम्ही दोघंच ना?"

"आत्ता दोघं. सणाला कोण टपकेल याचा काही नेम आहे का?"

शिंपीमामाला निळा दोरा मिळाला. दुपारपर्यंत ही गोष्ट पाणवठ्यावर पोचली आणि संध्याकाळी दुकानासमोर रांग लागली. कुणी हिरवा दोरा मागितला, कुणी पिवळा. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा, ज्याने जन्मात वाइनचा थेंब चाखला नव्हता, तोही आला.

"मी घेत नाही, तुला ठाऊकच आहे," तो म्हणाला. "पण सगळेच ठेवतायत म्हटल्यावर माझीही एक असू दे."

इनासने त्याचीही ठेवली.

सगळ्यांत शेवटी पाटलीणबाई आल्या. त्यांनी निम्म्या रिकाम्या झालेल्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट दाखवलं. "ही मधली फळी माझी."

"अख्खी?"

"अर्धी फळी कुणाच्या नावाला शोभते का?"

तोवर दोऱ्याचे रंग संपले होते. मग इनासने गाठी मारायला सुरुवात केली. या घराला एक गाठ, त्या घराला जोडगाठ, पाटलीणबाईंना फास. रोज उठून तो सगळ्या गाठी मनात घोकायचा.

खरं तर वाइन कमी नव्हती. त्या वर्षी द्राक्षं इतकी लगडली होती की मांडव वाकले होते. पण रिकाम्या होणाऱ्या फळ्या खिडकीतून दिसायच्या, आणि ज्याला दिसायच्या तो घाईने आत यायचा. "संपत आली म्हणे. माझ्या दोन बाजूला टाक." त्याच्यामुळे फळी आणखी रिकामी व्हायची आणि तिसरा धावत यायचा. पाहता पाहता पुढच्या फळ्यांवर नुसती धूळ राहिली आणि मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि नेत कुणीच नव्हतं. पाववालीचा जावई आला नव्हता. शिंप्याकडे कुणी टपकलं नव्हतं. ठेवलेली बाटली आधीच उघडली तर सणाला काय करायचं, म्हणून द्राक्षवाल्यांच्या त्या गावात भर नाताळच्या सुट्टीत माणसं सुंठेचा काढा पीत बसली होती.

नाताळच्या आदल्या दुपारी खालच्या गावचा बँड घाट चढून आला. तो दरवर्षी यायचा. रिवाज असा होता की बँडवाल्यांनी आधी दुकानाच्या पायरीवर बसायचं, लवंग-दालचिनी घातलेली गरम वाइन पेलाभर घ्यायची, आणि मग चर्चपुढच्या पटांगणात वाजवायचं. सगळं गाव तिथे नाचायचं. वर्षभर भांडलेले शेजारीसुद्धा त्या नाचात समोरासमोर यायचे आणि भांडण तिथेच विरून जायचं.

बँडमास्तर लठ्ठ, मिशाळ माणूस. काखेत पितळी कर्णा. आत येऊन त्याने फळ्यांकडे पाहिलं. "काय रे, फळ्या धुवायला काढल्यास का?"

"नाही मास्तर," इनास म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "वाइन शिल्लक नाही."

मास्तरने मान लांब करून मागच्या खोलीत डोकावलं. "मग त्या कशाच्या बाटल्या? दिव्याच्या तेलाच्या?"

"त्या ठेवलेल्या आहेत."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"मग सगळे आहेत कुठे?"

"ते नंतर नेणार आहेत."

मास्तरने मिशीवरचं दव पुसलं. तो रागावला नव्हता, नुसता गारठला होता. "हे बघ पोरा, या थंडीत ओठ कर्ण्याला चिकटतात. घशाखाली काही गरम गेल्याशिवाय सूर निघायचा नाही. पलीकडच्या वळणावर दुसरं गाव आहे, त्यांचा दोनदा सांगावा आलाय. ऊन त्या कड्यावरून उतरेपर्यंत आम्ही पायरीवर बसतो. नाहीच जमलं तर तिकडे जातो."

इनास दुकान तसंच उघडं टाकून धावत निघाला. एक बाटली सोडा म्हणून सांगायचं, एवढंच तर काम होतं. आधी तो पाववालीकडे गेला.

"दे की बँडवाल्यांना," ती म्हणाली. "पण आमची नको हो. जावयाच्या नावाची आहे, दुसऱ्याला दिली तर बरं दिसत नाही."

शिंपीमामा म्हणाला, "आधी पाववालीची घे, मग माझी माग."

घंटावाला म्हातारा म्हणाला, "माझी एकच आहे रे."

"पण आजा, तुम्ही तर घेतच नाही."

"म्हणून तर एकच आहे."

पाटलीणबाईंनी दार पुरतं उघडलंसुद्धा नाही. "माझ्या फळीला हात लावलास तर पंचांकडे जाईन. मग किल्ली तुझ्या खिशात किती दिवस राहते ते बघ."

इनास परत आला. पायरीवर बँडवाले एकमेकांना चिकटून बसले होते. ढोलवाला तळवे चोळत होता. ऊन कड्याच्या टोकाला पोचलं होतं.

मागच्या खोलीत जाऊन तो बाटल्यांच्या मधोमध उभा राहिला. लाल दोरे, निळे दोरे, गाठी, फास. प्रत्येक दोऱ्यामागे त्याने कुणाचा तरी चेहरा हसरा ठेवला होता, आणि आता सगळ्या गावाचा चेहरा एकदम पडणार होता. शब्द पाळला तर नाच जाणार. शब्द मोडला तर दुकान जाणार.

मग त्याला एक सोपी वाट सुचली. घंटावाल्याची बाटली. तो पीत नाही, बघायलाही येणार नाही. तिच्यातली वाइन काढून पाणी भरलं आणि बूच परत ठोकलं, तर त्याला जन्मात कळणार नाही. इनासने ती बाटली उचललीही. उजेडात धरली. आत वाइन माणकासारखी लाल चमकत होती. त्याच्याच हातांनी त्याने ती तिथे ठेवली होती, आणि म्हाताऱ्याने त्याच्यावर भरवसा टाकला होता.

ती बाटली त्याने खाली ठेवली आणि कात्री घेतली.

आधी त्याने घंटावाल्याचा दोरा कापला, मग पाववालीचा, मग शिंप्याचा, मग सगळ्यांचे. शेवटी पाटलीणबाईंचा फासही कापला. एकेक बाटली पुढे आणून त्याने फळ्या पहिल्यासारख्या भरल्या. मग चुलीवर पातेलं चढवलं, दोन बाटल्या ओतल्या, लवंग-दालचिनी टाकली आणि पायरीवर जाऊन म्हणाला, "मास्तर, पेले पुढे करा."

वाफाळत्या वाइनचा वास गल्लीतून फिरला. पाठोपाठ ढोलाची पहिली थाप पडली. दारं उघडली आणि माणसं दुकानाकडे आली. आली ती थबकलीच. रिकाम्या फळ्या बघायची त्यांना सवय झाली होती.

पाटलीणबाई गर्दीतून पुढे आल्या. "माझा दोरा कुणी कापला?"

"मी," इनास म्हणाला.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मी सगळ्यांनाच दिला होता, तीच चूक झाली." त्याचे कान आता इतके तापले होते की थंडी जाणवत नव्हती. "ती चूक माझी, तुमची नाही. पण यापुढे मी कुणासाठीच बाटली बाजूला ठेवणार नाही. तुम्हाला आज किती हव्यात?"

"आज?" पाटलीणबाईंना असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मनात घरातली माणसं मोजली. "आज दोन."

"मग दोन घ्या."

"आणि परवा माझी नणंद आली तर?"

"परवा दुकान उघडं आहे."

"आणि परवा संपल्या असल्या तर?"

"तर नणंदबाईंना तसं मी स्वतः येऊन सांगेन. पण पाटलीणबाई, एवढी वाइन असूनही या गावात ती संपली, ती बाजूला ठेवल्यामुळेच. पाहिलंत ना तुम्ही."

पाटलीणबाईंनी दोन बाटल्या उचलल्या, इनासकडे न बघता वळल्या आणि निघून गेल्या. मग बाकीचे पुढे झाले. आज किती लागतात, असं विचारल्यावर पाववालीला एकच लागत होती. शिंपीमामाला एक. "बायको म्हणते अर्धीच पुरेल," तो हळूच म्हणाला. घंटावाला म्हातारा पातेल्याजवळ उभा राहिला. "मला वासच पुरे," तो म्हणाला, आणि बराच वेळ तिथून हलला नाही. सगळ्यांचं घेऊन झालं तरी निम्म्याहून जास्त फळ्या भरलेल्याच होत्या.

पटांगणात कर्णा वाजला. सगळं गाव नाचलं. अंधार पडता पडता पाववालीचा जावईही घाट चढून आला, काखेत स्वतःची बाटली मारून.

सुट्टीचे उरलेले दिवस दुकान मजेत चाललं. ज्याला जेव्हा हवी तेव्हा तो यायचा, लागेल तेवढी न्यायचा. पाटलीणबाई मात्र पंचांकडे गेल्याच. पंच म्हणाले, "आजोबा येऊ द्या. दुकानातलं त्यांना जास्त कळतं."

सुट्टी संपली आणि आजोबा आले. इनासने त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. घंटावाल्याच्या बाटलीत पाणी भरायचं मनात आलं होतं, हेही सांगितलं. मग किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "मी शब्द मोडला, आजोबा."

"किती जणांचा?"

"सगळ्यांचा."

"शब्द मोडणं वाईटच," आजोबा म्हणाले. "पण तुझी चूक मोडताना झाली नाही, देताना झाली. बरं, रुसलंय कोण कोण?"

"पाटलीणबाई. अजून बोलत नाहीत."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही."

आजोबा चुलीजवळ बसले आणि गुडघे शेकू लागले. "मी दुकान चालवत होतो तेव्हा एका वेळी निम्मं गाव माझ्याशी बोलत नसे. तुझ्यावर एकटीच रुसलीय. ठेव ती किल्ली खिशात, आणि मला पेलाभर गरम करून दे."

इनासने पातेलं चढवलं. तेवढ्यात दारात पाटलीणबाईंचा गडी येऊन उभा राहिला.

"बाईंनी एक बाटली मागितलीय," तो म्हणाला. "त्या तुझ्याशी बोलत नाहीत, म्हणून मला धाडलं."

"कधी हवीय?" इनासने विचारलं.

"आत्ता."

इनासने मधल्या फळीवरून बाटली काढली, उजेडात धरून पाहिली आणि गड्याच्या हातात दिली.

तात्पर्य: सगळ्यांची मनं राखायला दिलेला होकार शेवटी कुणाच्याच कामी येत नाही, जे जमणार नाही त्याला वेळीच नाही म्हणावं, मग जे आहे ते सगळ्यांना पुरतं.